एक जुलैला न जन्मलेला माणूस

सौंसरच्या बसस्टँडकडून येणारा रस्ता बुद्धविहाराजवळ वळतो, तिथे वाचनालयाच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. सहा फूट बाय चार. हिरामण सोमकुवर रोज सकाळी तो पुसतो आणि रोज भरतो. आधी कोरडा कपडा, मग ओला, मग पुन्हा कोरडा, आणि मग दहा मिनिटं थांबायचं. ओल्या फळ्यावर खडू चिकटून बसतो आणि दुसऱ्या दिवशी खरवडावा लागतो. हे त्याला कोणी शिकवलं नाही. चौदा वर्षांत कळलं.

फळ्यावर त्या तारखेच्या तीन गोष्टी असतात: एक शास्त्रज्ञ, एक शोध, एक अपराधी. पहिल्या वर्षी अपराधी नव्हता. तेव्हा फळा कोणी वाचत नसे. लोक खाली सावलीत उभे राहून बसची वाट पाहत, पाठ फळ्याला लावून, आणि अर्धा शोध कोणाच्या तरी शर्टावर निघून जाई. मग एका एकवीस ऑगस्टला जागा उरली म्हणून हिरामणने पॅरिसच्या चोराचं लिहिलं. १९११ साल, संग्रहालयात काम केलेला एक कारागीर, त्याने मोनालिसाचं चित्र उचललं आणि दोन वर्षं आपल्या खोलीत पेटीत ठेवलं. त्या दिवशी छिंदवाडा बसचा कंडक्टर गाडी थांबवून उतरला आणि पूर्ण वाचून गेला. तेव्हापासून अपराधी कायम झाला.

वाचनालयाच्या कमिटीत कुरबुर झाली. विहाराच्या भिंतीला लागून चोर-खुनी कशाला, असं म्हणणं पडलं. हिरामण म्हणाला, "आतमंदी बोटं कापणारा अंगुलिमाल चालते ना? मंग हे बाहेर राहू द्या." विषय संपला.

माहितीसाठी त्याच्याकडे एक जाड रजिस्टर आहे. तारखेला एक पान, तीनशे सहासष्ट पानं. त्यात काही उतरवायचं तर एकच नियम: दोन ठिकाणी सापडलं पाहिजे. एका पुस्तकात मिळालं तर पेन्सिलने, दुसऱ्यात मिळालं की पेनाने. मोबाइल त्याच्या लेखी अर्धा साक्षीदार आहे.

हा नियम त्याने प्रेसमधून आणला. पांढुर्ण्याला कापसाच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये त्याने एकतीस वर्षं काढली. आधी नुसता हमाल. मग गाठी बांधायला. प्रेस खाली आली की दाबलेल्या रुईला लोखंडी पट्ट्या आवळायच्या; एक गाठ एकशे सत्तर किलोची. पुढे त्याचं अक्षर बरं आहे म्हणून मालकाने हातात ब्रश दिला आणि गाठींवर नंबर घालायला लावलं. एक नंबर चुकला तर ट्रक उतरवून सगळ्या गाठी पुन्हा मोजाव्या लागत, आणि त्या मोजणारेही तेच हमाल. म्हणून तो नंबर घालण्याआधी कागद दोनदा पाही. त्या एकतीस वर्षांतून त्याला तीन गोष्टी उरल्या: सुंदर अक्षर, वर न जाणारा उजवा खांदा, आणि जिना चढला की शिट्टीसारखा वाजणारा श्वास. रुईची कूस, हवेत उडणारे बारीक तंतू, छातीत बसते, ती पुन्हा निघत नाही.

आता फळ्याची वरची ओळ लिहायला तो स्टुलावर चढतो. एका फळ्याला तीन चढउतार. चौथा करायचा नाही, असं डॉक्टरने नव्हे, यमुनाने सांगितलं आहे. यमुना त्याची बायको.

मे महिन्यात सुमेध आला. सुमेध शाळेत मास्तर, वाचनालयाचा सचिव. चांगला मुलगा, पण घाईचा.

"काका, जय भीम. एक जुलैले तुमाले पंच्याहत्तर पूर्ण होऊन राहिले. कमिटीनं ठरवलं, सत्कार करू. आणि त्या दिवशी फळ्यावर शास्त्रज्ञाच्या जागी तुमचं नाव."

"एक जुलैले लाइब्निट्स आहे," हिरामण म्हणाला.

"त्याले काय फरक पडते? तीनशे वर्षांखाली मेला तो."

"आणि माही तारीख कोणी सांगतली तुले?"

"आधार कार्डावर आहे ना."

"ते एक झालं. दुसरं कुठी आहे?"

सुमेध हसला. त्याला वाटलं काका गंमत करतात.

वाचनालयात येणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी निम्मे एक जुलैचे आहेत. त्या सगळ्यांना एका दिवशी जन्माला घालण्याचं काम मास्तरांनी केलं. शाळा जुलैत सुरू व्हायची, आई-बापाला तारीख ठाऊक नसायची, मास्तर एक जुलै टाकून मोकळे. वयाची एकच परीक्षा होती. उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायचा. लागला तर सहा वर्षं पूर्ण. हिरामणचा लागला नाही. आईला निंदायला जायचं होतं आणि पोराला बांधावर ठेवायचं नव्हतं. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, पोराची मान थोडी वाकवली, हात लागला. जन्म एक जुलै १९५०. त्या खोट्या तारखेवर तो नोकरीला लागला, त्या खोट्या तारखेवर अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसवला गेला. तेव्हा त्याला कधी काही वाटलं नव्हतं.

आता वाटत होतं. चौदा वर्षांत त्याने जवळपास पाच हजार वेळा दुसऱ्याचा दिवस लिहिला होता. कोण कुठल्या देशात कोणत्या तारखेला जन्मला, हे दोन-दोन पुस्तकांतून पाहून लिहिलं. आपलं नाव एकदा त्या फळ्यावर यावं, हे त्याला नको होतं असं नाही. हवं होतं. पण खऱ्या दिवशी हवं होतं. खोट्या दिवशी ते आलं असतं तर त्याच्या मागच्या पाच हजार ओळींवर कोणी का विश्वास ठेवावा?

यमुनाला त्याने हे एवढ्या शब्दांत सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "खरी तारीख पाहिजे. जून आहे हातात."

"उन्हात फिरसान?" यमुना म्हणाली. "छाती तर अशी वाजून राहिली. कोणाले दाखवाची आहे ते तारीख?"

"लिहाची आहे."

"मंग लिहा. टोपी घालून जा."

आई सांगायची, होळीच्या मागेपुढे झाला, पळस लाल होता, आणि ते पहिल्या इलेक्शनचं साल होतं. म्हणजे १९५२. म्हणजे पंच्याहत्तर नव्हे, त्र्याहत्तर. गावच्या जन्माची खबर त्या काळी कोटवार, म्हणजे गावचा चौकीदार, ठाण्यात देई आणि तिथे ती रजिस्टरात चढे. ती जुनी रजिस्टरं आता पांढुर्ण्याला एका कचेरीच्या मागच्या खोलीत आहेत, असं कळलं.

जूनमध्ये तो तीनदा पांढुर्ण्याला गेला. पहिल्यांदा अर्ज दिला. दुसऱ्यांदा तिथला बाबू, वीरेंद्र नावाचा, म्हणाला, "बाबाजी, त्या रजिस्टरात पोराचं नाव नसते. नुसतं मुलगा नाहीतर मुलगी. गाव आणि बाप. तारीख तुमच्यापाशी नाही. दोनशे गठ्ठ्यांतून मी काय हुडकू?"

"तुमी नका हुडकू. मले बसू द्या."

वीरेंद्रने तिसऱ्या खेपेला बसू दिलं. खोलीत पंखा होता, तो धूळ फिरवत होता. हिरामणने उपरणं नाकाला बांधलं आणि एकेक गठ्ठा खाली काढला. जो पाहून झाला तो झटकून, कोपरे जुळवून, सुतळीला पीळ देऊन परत बांधला. असा बांधला की उचलला तरी कागद हलू नये. चार तासांत सत्तावीस गठ्ठे. वीरेंद्र दारात येऊन दोनदा पाहून गेला. तिसऱ्यांदा पाण्याचा ग्लास घेऊन आला, कारण खोकला बाहेर ऐकू येत होता.

"बाबाजी, वय किती तुमचं?"

"तेच पाहून राहिलो."

अठ्ठाविसाव्या गठ्ठ्यात सापडलं. १३ मार्च १९५२. मौजा खैरी, त्याचंच गाव. मुलगा. बाप दशरथ, मजूर. शाई तपकिरी झालेली, पण आकडा स्वच्छ. हिरामणने तो आकडा बोटाने नाही, पेनच्या टोपणाने दाखवत दोनदा वाचला. मग ते पूर्ण पान वहीत उतरवून घेतलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नोंदींसकट. अर्धं पान उतरवायची त्याला सवय नव्हती.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. रजिस्टर घरी होतं, पण तेरा मार्चचं पान त्याला पाठ होतं. शोध: युरेनस ग्रह, १७८१, विल्यम हर्शेल. हर्शेल पोटासाठी बाजा वाजवायचा. दुर्बिणीचे आरसे स्वतः घासायचा. सोळा-सोळा तास हात थांबवता येत नसे, म्हणून बहीण त्याच्या तोंडात घास भरवायची. हे पान उतरवताना हिरामणला तो माणूस आवडला होता. ग्रह कोणालाही दिसू शकतो, असं त्याचं मत होतं. सोळा तास घासणं कोणालाही जमत नाही. अपराध्याच्या जागी ऊधमसिंग, लंडन, १९४०. तिथे हिरामण 'अपराधी' असं नुसतं लिहीत नसे. 'त्यांच्या कोर्टाने अपराधी ठरवलेला, आपण क्रांतिकारक म्हणतो' असं पूर्ण लिही, जागा कमी पडली तरी.

बरा दिवस आहे, त्याला वाटलं. बाहेर संत्र्याच्या बागा मागे जात होत्या. खांदा दुखत होता, छाती भरली होती, आणि तरी त्याला स्टॉप येईपर्यंत झोप आली नाही.

घरी यमुनाला म्हणाला, "तेरा मार्च. गुरुवार होता."

"भेटली म्हणजे. आता हात-पाय धुवा."

दुसऱ्या दिवशी त्याने वही उघडली, तेरा मार्च पेनाने लिहायला. दुसरा पुरावा म्हणून आईचं बोलणं होतं, होळीच्या मागेपुढे. ते जुळत होतं. टोपण काढलं आणि पान पुन्हा एकदा पाहिलं, सवयीने. त्या पानावर खैरीचे अकरा जन्म होते. सहा मार्चला तीन. तेराला दोन. वीसला चार. सत्तावीसला दोन. मधल्या दिवशी एकही नाही. सगळे गुरुवार.

हे त्याला कालच दिसायला हवं होतं. गाठींचे नंबर असे ओळीने पडले असते तर त्याने तिथल्या तिथे काम थांबवलं असतं. टोपण परत लावून तो वाचनालयात गेला.

गुणवंता पंख्याखाली पेपर वाचत होता. तोही खैरीचाच, प्रेसमध्ये वीस वर्षं हिरामणच्या समोरच्या बाजूने पट्टी आवळणारा. आणि खैरीच्या कोटवाराचा मुलगा.

"गुणवंता, तुहा बाप ठाण्यात कधी जाये?"

"गुरुवारी. काहून बे?"

"दर गुरुवारी?"

"मंग? अकरा किलोमीटर पायी. रोज कोण जाईन? बाजार बी करून ये."

"आठवड्यात जन्मले ते सारे त्याच दिवशी सांगे?"

"जन्मले ते, मेले ते. त्याले लिहिता येत नव्हतं. धोतराच्या सोग्याले गाठी मारे. पोरगा झाला तं एक, पोरगी झाली तं दोन. कोणी मेलं तं खडा बांधे. शिपाई इचारे, कधी? बाप म्हणे, हे काय आता. शिपाई त्या दिवसाची तारीख टाके." गुणवंताने पेपर खाली ठेवला. "तुही कोणती निघाली?"

"तेरा मार्च."

"मंग लिही तेरा. सरकारी कागद आहे."

"तो सोगा सोडल्याची तारीख आहे. माही नाही. सात ते तेरा, या सातांतली कोणती तरी."

"कोण पाहाले येऊन राहिलं बे?"

"मी पाहून राहिलो."

गुणवंताने पेपर पुन्हा उचलला.

"तुह्या बापाच्या नावावर पोरगं कुठी दिसलं नाही रजिस्टरात," हिरामण म्हणाला.

"नसनच. बाप म्हणे, घरचंच काम आहे, सावकाश सांगू. राहून गेलं."

हिरामणला कोटवाराचा राग आला नाही. तो माणूस दर गुरुवारी बावीस किलोमीटर चालला, सोग्यात गाव बांधून, आणि एकही गाठ विसरला नाही. पोरगं कोणत्या दिवशी झालं हे त्याच्या कामात नव्हतं. त्याने आपलं काम पूर्ण केलं. फक्त त्यातून हिरामणला हवं ते मिळत नव्हतं, आणि आता दुसरीकडे कुठे मिळणार नव्हतं. आई गेली, मास्तर गेले. सात दिवसांतला एक दिवस निवडायला जगात कोणी उरलं नव्हतं. त्या दुपारी तो घरी येऊन आडवा झाला आणि चारला चहा झाला तरी उठला नाही. यमुनाने त्याचा कप झाकून ठेवला.

दोन दिवसांनी त्याने सुमेधला सांगितलं: पंच्याहत्तर नाही, त्र्याहत्तर. आणि एक जुलै तर नाहीच.

"काका, पत्रिका छापून झाल्या," सुमेध म्हणाला. "खुर्च्या सांगतल्या. आणि कोणाची खरी आहे? माह्या बाबांची बी एक जुलैच आहे."

"मंग त्यांचं बी फळ्यावर नको लिहू."

सुमेधने कपाळावरचा घाम पुसला. मग आवाज उतरवून म्हणाला, "बरं. तुमच्यापाशी कागद आहे ना तेरा मार्चचा? आता जुलैमंदी नुसता हार घालू. नाव मार्चमंदी लिहू. तेरा तारखेले. झालं?"

तेरा मार्च हा चांगला दिवस होता. ग्रह होता, आरसा घासणारा होता. कागद होता, आईचं बोलणं होतं; मोजायला गेलं तर पुरावे दोन होते. गुणवंता सोडला तर त्या गुरुवारांचं कोणाला माहीत नव्हतं, आणि गुणवंताला पर्वा नव्हती. एक होकार दिला असता की संपलं असतं. तो थकला होता, आणि थकलेला माणूस होकार लवकर देतो हे त्याला प्रेसमध्ये पाहून माहीत होतं. शेवटच्या तासातल्या गाठीच सैल निघतात.

"नको," तो म्हणाला. "सातातला एक आहे, एवढंच मले ठाऊक. तेवढं लिहिता येत नाही."

"तुमचं काम लय अवघड आहे, काका."

"म्हणून तं कोणी घेत नाही."

एक जुलैला मंगळवार होता. आभाळ भरलेलं, हवा बंद. हिरामणने फळा पुसला, दहा मिनिटं थांबला, स्टुलावर चढला. शास्त्रज्ञ: लाइब्निट्स, गणिती, १६४६, कंसात 'जुन्या कॅलेंडरने २१ जून'. उतरून श्वास घेतला. शोध: सजीव बदलत कसे गेले याबद्दलचा डार्विन आणि वॉलेस यांचा लेख १८५८ मध्ये लंडनच्या सभेत वाचला गेला, दोघेही हजर नव्हते, एकाचं लेकरू गेलं होतं, दुसरा मलायाच्या बेटांवर होता. त्यांच्या कोर्टाने अपराधी ठरवलेला, आपण क्रांतिकारक म्हणतो: मदनलाल धिंग्रा, लंडन, १९०९. खाली दीड हात जागा उरली. ती सत्काराच्या ओळीसाठी सुमेधने सांगून ठेवलेली. हिरामण तिच्याकडे पाहत उभा राहिला. मग लिहिलं:

'हिरामण दशरथ सोमकुवर यांचा आज जन्मदिवस नाही. पुरावे दोन.'

खुर्च्या लागत होत्या. गुणवंता आला, चष्मा वर करून वाचलं, पुन्हा वाचलं.

"माहं बी लिही त्याच्या खाली."

"तुह्यापाशी काय पुरावा?"

"माय कापूस येचत होती. वावरातच झालो. जुलैमंदी कापूस कोणाचा बाप येचते?"

हिरामणने विचार केला. बरोबर होतं. कापूस हिवाळ्यातला. त्याने गुणवंताचं नाव लिहिलं आणि पुढे 'कापूस वेचणी' असा पुरावा घातला.

मागे बापूजी उभे होते, संत्र्याच्या बागेवाले, रोज पेपर वाचायला येणारे. त्यांचीही एक जुलैच. "आमची माय तूर सोंगत होती," ते म्हणाले. "तूर तं माघातली. घाला आमचं." मग एक निवृत्त पोस्टमन आला, त्याची आई गहू काढत होती. मग सुमेधचे बाबा आले, काठी टेकत, मुलाकडे न पाहता म्हणाले, "होळीच्या पोळ्या झाल्या आणि मी झालो. लिही, हिरामण." कोणी हसत होतं, कोणी नव्हतं. सुमेध हार हातात घेऊन सगळ्यांच्या मागे उभा होता. खालची जागा संपली तेव्हा हिरामण पुन्हा स्टुलावर चढून वरच्या कडेला लिहू लागला. आठवं नाव झालं तेव्हा खांद्याने नकार दिला. हिरामणने खडू डाव्या हातात घेतला. डाव्याचं अक्षर वाकडं येतं म्हणून पुन्हा उजव्यात घेतला आणि डाव्या हाताने कोपर धरून वर नेलं. सुमेधने हार खुर्चीवर ठेवला आणि पुढे येऊन स्टूल धरला.

यमुना चहाची किटली घेऊन आली तेव्हा अकरा नावं झाली होती. तिने वाचलं. शाळेत ती गेली नव्हती, अक्षरं तिला हिरामणनेच शिकवली. वेळ लागला, पण पूर्ण वाचलं.

"माहं लिहा," ती म्हणाली. "माह्या कार्डावर बी एक जुलैच आहे."

"तुही माय काय करत होती?"

"पऱ्हाटी निंदत होती. पहिलं निंदन."

हिरामणचा हात फळ्यावरच थांबला. कापसाचं पहिलं निंदन म्हणजे पेरणीनंतरचे दोन-तीन आठवडे. मृग वेळेवर बरसला असेल तर जुलैचा पहिला आठवडा. साल माहीत नव्हतं, पाऊस कधी आला माहीत नव्हतं.

"तुहं लिहिता येत नाही," तो म्हणाला.

"काहून?"

"असू शकते. आज असू शकते."

यमुनाने किटली खाली ठेवली. मागून गुणवंता म्हणाला, "वैनी, एवढ्या गावात तुमीच एक निघाल्या." बापूजींनी मान हलवली. हिरामण स्टुलावरून उतरला. हे चौथं उतरणं होतं की पाचवं, त्याने मोजलं नव्हतं. तो सत्काराच्या मधल्या खुर्चीवर जाऊन बसला, कारण तीच जवळ होती, आणि श्वास जागेवर यायची वाट पाहू लागला.

"काका," सुमेधने विचारलं, "आता हाराचं काय करू?"

हिरामणने हनुवटीने यमुनाकडे दाखवलं.

यमुना नको म्हणाली. मग सगळे पाहत होते म्हणून पदर सावरून तिने मान पुढे केली. हार जड होता. दोन मिनिटं तिने तो तसाच राहू दिला, मग काढून हिरामणच्या मांडीवर ठेवला आणि चहा ओतायला लागली.